करवंटीपासूनच सुरुवात कर

अगं, हस्तकला शिकायची म्हणून पहिल्याच दिवशी दोन हजारांचं सामान आणायला निघालीस? थांब जरा. आपल्या कोकणात रोज नारळ फुटतो, त्या करवंट्या चुलीत घालण्याआधी चार बाजूला काढ, बास. मनीप्लांटचं टांगती कुंडी कर आधी, डोळेवाला अर्धा भाग घे, तीन डोळ्यांतला एक मऊ असतो तो खिळ्याने सहज फुटतो आणि पाणी जायला भोक आयतं मिळतं, ड्रिल नको काही नको.

सामान: ८० (जाडा) आणि २२० (बारीक) नंबरचा पॉलिशपेपर, टांगायला सुंभ, थोडं खोबरेल.

नवीन लोकं हमखास चुकतात ते म्हणजे आत खोबरं चिकटलेलं ठेवतात, मग मुंग्या (माझ्या पहिल्या तिन्ही करवंट्या अशाच गेल्या, सासूबाई अजून हसतात). दोन-चार दिवस कडक उन्हात ठेव, खोबरं सुटतं, मग खरवड. दुसरं, घासायचा कंटाळा. आधी ८०, मग २२०, शेंड्या पूर्ण निघेपर्यंत, आणि तोंडाला रुमाल बांध, धूळ फार उडते. शेवटी खोबरेलाचा हात फिरव, काय चकाकते बघ! रंग, वॉर्निश, कोरीवकाम आत्ता नकोच.

आणि किनाऱ्यावरचे शिंपले आणलेस तर आत जीव नाही ना बघून घे, नाहीतर घरभर वास.