कोकोपीटवरील टोमॅटोची झाडे हिरवीच सुकत आहेत. टाकीत कोणते औषध टाकावे?

आपण लिहिले आहे की पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) पिशव्यांत लावलेली टोमॅटोची झाडे दुपारी माना टाकतात, पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी सावरतात आणि मग पाने पिवळी न पडताच वाळतात. निचऱ्याचे पाणी आपण टाकीत परत घेता आणि त्यात कोणते जिवाणूनाशक मिसळावे, हे आपल्याला हवे आहे. मी सिन्नर भागात दहा गुंठ्यांत याच पद्धतीने टोमॅटो घेतो. काहीही मिसळण्याआधी, आजच, ते पाणी टाकीत परत जाणे बंद करावे.

लक्षणे राल्स्टोनिया सोलॅनासिअरम या जिवाणूमुळे होणाऱ्या मर रोगाची वाटतात. खात्री घरीच करता येते. सुकणाऱ्या झाडाच्या बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात, कापलेले टोक जेमतेम बुडेल असा, न हलवता धरावा. काही मिनिटांत टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर रोग जिवाणूचा आहे. फ्युजेरियम बुरशीच्या मर रोगात असे धागे दिसत नाहीत आणि खालची पाने आधी पिवळी पडतात.

रोग लागलेले झाड कोणत्याही औषधाने वाचत नाही, कारण जिवाणू पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांच्या आत वाढून त्या बंद करतो. स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके टाकीत टाकू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. नलिकांतील जिवाणू त्यांनी संपत नाहीत, उलट साऱ्या टाकीत त्यांना दाद न देणारे जिवाणू तयार होण्याची भीती राहते, आणि ही फळे आपण लोकांना खायला देतो. मी स्वतः पहिल्या वर्षी हा रोग पाण्याची कमतरता समजून आठवडाभर पाणी वाढवत राहिलो. त्या आठवड्यात एका ओळीच्या टोकाला असलेला रोग टाकीच्या वाटेने तीन ओळींत पोहोचला.

रोगट झाड उपटू नये. मुळे तुटली की जिवाणू पाण्यात मोकळे होतात. त्याचा ड्रिपर बंद करून, बुंधा कापून, पिशवीसकट ते प्लास्टिकमध्ये बांधून बाहेर न्यावे, आणि त्याच पिशवीतील व शेजारची निरोगी दिसणारी झाडेही काढावीत. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी.

आता पाण्याविषयी, कारण खरी लढाई तिथेच आहे. आपले पाणी विहिरीचे किंवा नाल्याचे असेल आणि आसपास वांगी, मिरची असेल, तर जिवाणू तिथूनच आलेला असू शकतो. मूळ पाण्याला खते मिसळण्यापूर्वीच क्लोरीन द्यावे, अर्धा तास थांबावे आणि त्यानंतरही लिटरला १ ते २ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक आहे ना, हे चाचणी पट्टीने पाहावे. इथे बहुतेकांची चूक सामूपाशी (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा pH) होते: ७.५ सामूला क्लोरीनचा जेमतेम निम्मा भाग प्रभावी रूपात असतो आणि ८.५ ला तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतो, म्हणून पाणी आधी ६ ते ६.५ वर आणावे, मात्र आम्ल आणि क्लोरीनचे द्रावण कधीही थेट एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. खतात अमोनियम असेल तर ते क्लोरीन खाऊन टाकते. खते मिसळण्याआधी क्लोरीन देण्याचे हेही एक कारण आहे.

निचरा पुन्हा वापरायचाच असेल, तर गाळणीनंतर अतिनील दिवा बसवावा. जिवाणूंसाठी प्रति चौरस सेंटिमीटर १०० मिलिज्यूल मात्रा सर्वसाधारणपणे धरली जाते. पण कोकोपीटमुळे पाणी तांबूस होते आणि त्यातून किरण पुरेसे आत जात नाहीत, शिवाय चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातले खतातील लोह) नष्ट होते, ते नंतर भरून काढावे लागते. छोट्या पॉलिहाऊसला हा खर्च पेलत नसेल, तर निचरा टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नसलेल्या शेताला द्यावा.

हा जिवाणू ३० ते ३५ अंशांना सर्वांत जोमाने वाढतो, त्यामुळे उन्हातली काळी टाकी आधी सावलीत घ्यावी. पुढच्या लागवडीला मर-प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे घ्यावीत. माझ्याकडे त्यांनीच सर्वाधिक फरक पडला. कलमाचा सांधा कोकोपीटच्या वर राहिला पाहिजे. तो झाकला गेला तर वरच्या टोमॅटोला मुळे फुटतात आणि प्रतिकाराचा उपयोग उरत नाही.