एजंट नसताना पटकथा निर्मात्यापर्यंत कशी पोचवायची

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पटकथा पूर्ण झाली, आता ती कुणाकडे आणि कशी पाठवायची, असं तू विचारलंस. एजंट नाही म्हणजे दारं बंद, ही समजूत आधी काढून टाक. मराठीत पटकथालेखकाला एजंट असणं हा अपवाद आहे. खरी अडचण वेगळी आहे. न मागता आलेली पूर्ण पटकथा मोठ्या कंपन्या सहसा उघडतच नाहीत. उद्या त्यांच्या चित्रपटात तसाच प्रसंग निघाला तर ‘माझी कथा चोरली’ म्हणून दावा येऊ शकतो, ही त्यांना भीती असते. तेव्हा समोरच्याने स्वतःहून ‘पाठवा’ म्हणावं, एवढंच पहिल्या मेलचं काम.

मेल करण्याआधी नोंदणी उरकून घे. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व नवोदितांनाही मिळतं आणि सभासदाला पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. सारांश आणि पूर्ण पटकथा दोन्ही नोंदव, मोठा बदल केलास की नवा खर्डा पुन्हा नोंदव. या नोंदणीने मालकी मिळत नाही. अमुक तारखेला हा मजकूर तुझ्याकडे होता, एवढा पुरावा मिळतो. कॉपीराइट तू लिहिलंस तेव्हाच तुझा झाला. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीसाठी शुल्क 500 रुपये, आणि अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. जमलं तर तीही कर.

मात्र नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नाही, हे पक्कं लक्षात ठेव. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात नाटककाराने आपलं नाटक निर्मात्याला ऐकवलं होतं, पुढे त्याच विषयावर चित्रपट आला. तरी 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल नाटककाराच्या विरोधात दिला. विषय एकच असला तरी मांडणी वेगळी आहे, असं न्यायालयाचं मत पडलं. म्हणून पटकथा कागदावर पूर्ण उतरल्याशिवाय विषय कुणाला सांगत फिरू नकोस. अर्धवट कल्पना चहाच्या टपरीवर सांगून लोक सगळ्यात जास्त गमावतात.

आता कागद. तीन गोष्टी तयार हव्यात: दोन ओळींची लॉगलाइन, म्हणजे गोष्टीचा गाभा, एका पानाचा सारांश आणि पाच ते आठ पानांची ट्रीटमेंट, म्हणजे संवादांशिवाय क्रमाने सांगितलेली गोष्ट. सारांशात शेवट लपवू नकोस. वाचणाऱ्याला गोष्ट कुठे पोचते ते कळायलाच हवं. लॉगलाइनवर सगळ्यात जास्त वेळ घालव. ‘नाती, माणुसकी आणि संघर्ष यांची हृदयस्पर्शी कथा’ यातून काहीच दिसत नाही. त्याऐवजी हे बघ: ‘बंद पडलेल्या साखर कारखान्याचा वॉचमन थकलेल्या पगारासाठी रोज पहाटे कारखान्याचा भोंगा वाजवायला लागतो, आणि निवडणुकीच्या तोंडावर सगळं गाव त्या भोंग्यावर उठायला लागतं.’ माणूस कोण, त्याला काय हवंय, आडवं कोण येणार, हे सगळं त्यात आलं. बजेटचा अंदाजही आला: एक गाव, एक कारखाना. मराठी निर्माता पहिल्या मिनिटात तेच मोजतो.

फाइल पीडीएफच हवी. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल दुसऱ्याच्या मशीनवर अगम्य चिन्हांची रांगोळी होते, आणि ‘उघडत नाही’ असं कळवण्याची तसदी कुणी घेत नाही. युनिकोडमध्ये टाइप कर, पीडीएफ करून आधी स्वतःच्या फोनवर उघडून बघ, कारण पुष्कळदा ती फोनवरच वाचली जाते. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब 12 पॉइंट कुरियर अक्षरांचा आहे. देवनागरीत तो बिघडतो, तेव्हा पानं मोजू नकोस. संवाद मोठ्याने वाचून, कृतीला वेळ देऊन घड्याळ लाव. शंभर-सव्वाशे मिनिटांच्या पुढे पटकथा गेली तर कात्री लाव. कंपनीत वाचणारी व्यक्ती अमराठी असू शकते, म्हणून सारांशाचं इंग्रजी पानही जवळ ठेव.

पाठवायचं कुणाला? गेल्या दोन-तीन वर्षांतले तुझ्या पटकथेच्या जातकुळीचे मराठी चित्रपट काढ आणि श्रेयनामावली थांबवून थांबवून वाच. निर्मात्याच्या नावाखाली क्रिएटिव्ह प्रोड्युसर, असोसिएट प्रोड्युसर, कार्यकारी निर्माता अशी नावं येतात. पहिलं वाचन बहुधा त्यांच्याकडे होतं. दहा-बारा जणांची यादी पुरे. माझं स्पष्ट मत विचारशील तर आधी दिग्दर्शक गाठ. मराठीत निर्मात्याकडे पटकथा बहुतेक वेळा दिग्दर्शकच घेऊन जातो. स्वतःच लिहिणाऱ्यांना मात्र वगळ, आणि एखाद-दुसरा चित्रपट केलेला, पुढच्या गोष्टीच्या शोधात असलेला शोध.

मेल दहा ओळींच्या आत. विषयाच्या जागी चित्रपटाचं नाव, ‘मराठी पूर्ण लांबीची पटकथा’ आणि असोसिएशनची नोंदणी असल्याचा उल्लेख. पहिल्या ओळीत त्यांनाच का लिहितोस ते, मग लॉगलाइन, मग तुझ्याबद्दल एक वाक्य, शेवटी ‘सारांश पाठवू का?’ सोबत काहीही जोडू नकोस. पंचवीस जणांना एकाच वेळी सीसी केलेला मेल कचऱ्यातच जातो. तीन आठवड्यांनी एकदा आठवण कर, त्यानंतर पुढच्या नावाकडे वळ. कुणाला काय आणि कोणत्या तारखेला पाठवलंस, याची वही ठेव.

काही कंपन्या वाचण्याआधी रिलीज फॉर्मवर, म्हणजे पुढच्या दाव्यांपासून स्वतःला वाचवणाऱ्या कागदावर, सही मागतील. ‘आमच्याकडे अशाच विषयावर आधीच काम चालू असू शकतं’ इतकंच त्यात असेल तर सही करायला हरकत नाही. ‘लेखक कोणताही दावा करणार नाही’ किंवा ‘साहित्य वापरण्याचा हक्क कंपनीला राहील’ असं असेल तर त्या कंपनीचा नाद सोड. आणि वाचण्यासाठी पैसे मागणारा निर्माता नसतो.

बोलावणं आलं की बहुधा नॅरेशन असतं, म्हणजे गोष्ट समोर बसून तोंडी ऐकवायची. पंधरा मिनिटांची आणि पूर्ण, अशा दोन तयाऱ्या ठेव. पूर्ण ऐकवताना दृश्य क्रमांक वाचू नकोस. मध्यंतर कुठे येतं ते सांग, पात्रांची नावं पाच-सहाच घे, बाकीच्यांना ‘सरपंच’, ‘मेव्हणा’ म्हण. ऐकणारा फोन बघायला लागला तो प्रसंग घरी येऊन लिहून ठेव. दोन-तीन ठिकाणी तोच प्रसंग अडला तर दोष पटकथेत आहे. त्याच संध्याकाळी मेल कर: ‘आज आपल्या कार्यालयात अमुक आणि अमुक यांच्या उपस्थितीत मी ही पटकथा ऐकवली, वेळ दिल्याबद्दल आभार.’ तोंडी ऐकवलेल्या गोष्टीचा तुझ्याकडे राहणारा पुरावा तोच. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला तरी उत्तर मेलवर दे.

याला समांतर आणखी दोन वाटा आहेत. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाची पटकथा कार्यशाळा आणि नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सुमाराला भरणारा फिल्म बझार (2025 पासून ‘वेव्हज फिल्म बझार’) ही एक. असोसिएशनचा पिच फेस्ट, म्हणजे निर्मात्यांसमोर गोष्टी मांडण्याचा मेळावा, ही दुसरी. तिथे निर्माते गोष्टी शोधायलाच आलेले असतात. अर्जाचे नियम त्या-त्या वर्षीचे वाच.

होकार आला की घाई समोरच्याला असते, तुला नसावी. करारात कथा, पटकथा आणि संवाद ही तीन श्रेयं वेगवेगळी लिहून घे, कारण संवाद दुसऱ्याकडून लिहून घेतले की तुझं नाव आपोआप मागे सरकतं. मानधनाचा पहिला हप्ता सहीच्या वेळी आणि शेवटचा चित्रीकरण सुरू होण्याआधी. ‘प्रदर्शनानंतर देऊ’ हे मान्य करू नकोस, कित्येक चित्रपट प्रदर्शित होतच नाहीत. हक्कांची मुदत आणि प्रदेश आकड्यात आणि नावाने यायला हवेत. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारतापुरता. घेतलेले हक्क निर्मात्याने वर्षभर वापरले नाहीत तर ते त्याच्या हातून सुटतात, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर सुटत नाहीत. ते ‘वेगळं’ नेमकं कुठल्या कलमात दडलंय, ते शोध. असोसिएशन सभासदांना कायदेशीर सल्ला देतं, तो घे. आणि मसुदा हातात आला की सही करण्याआधी मलाही पाठव, आपण एकेक कलम बसून वाचू.

तुझा,
काका