विश्व निर्माण व्हायला निर्माता लागतोच का?

'घडा आहे म्हणजे कुंभार असणारच, मग एवढ्या विश्वाला कर्ता नको का?' असं तुम्ही विचारलंय. फोंड्याला आमच्या घरी चवथीला सगळे काका जमले की हाच वाद रंगतो आणि आरतीची वेळ झाली म्हणूनच थांबतो.

माझं मत: लागतोच, असं सिद्ध होत नाही. डिचोलीचा कुंभार घडा घडवतो, माती नाही. ती आधीच असते. विश्वाच्या बाबतीत प्रश्न नेमका मातीचा आहे. शिवाय नैयायिकांचा (न्याय दर्शनाच्या तत्त्वज्ञांचा) हा घडा-कुंभाराचा युक्तिवाद मीमांसा दर्शनाच्या तत्त्वज्ञांनीच नाकारला होता, आणि ते तर वेद प्रमाण मानणारे! ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तातही सृष्टी कशी झाली हे वरचा अध्यक्ष जाणतो, 'किंवा तोही जाणत नसेल' असं म्हटलंय. (हे ऐकलं की आमचे मोठे काका पानाचा डबा उघडतात.)

राहिला महास्फोट, म्हणजे बिग बँग. तो सिद्धांत सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतिउष्ण, अतिदाट अवस्थेपासून पुढचं सांगतो. त्याआधी काय होतं, किंवा तिथे 'आधी' या शब्दाला अर्थ तरी आहे का, यावर तो गप्प आहे. म्हणून देव खुशाल माना, मीही आरतीला टाळ वाजवतो. पण महास्फोटाला त्याचा पुरावा करू नका. या कल्पनेचे एक जनक जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी तिचा संबंध ईश्वरी निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही.