जॉर्डनला संघातून काढलं नव्हतं

प्रिय पोरी,

जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात नाव आलं नाही म्हणून तू दोन दिवस सरावाला गेली नाहीस, हे तुझ्या आईकडून कळलं. आणि मला मात्र जॉर्डनचं ते पोस्टर पाठवलंस: शाळेच्या संघातून हाकलला, घरी येऊन रडला, पुढे जगज्जेता झाला. गोष्ट झकास आहे, पण अर्धीच आहे.

१९७८ साली अमेरिकेतल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये मायकल जॉर्डनला मोठ्यांच्या संघात घेतलं नाही, एवढं खरं. तेव्हा त्याची उंची होती पाच फूट दहा इंचांच्या आसपास. संघाला उंच खेळाडू हवा होता, म्हणून त्याच्याच वर्गाचा, त्याच्यापेक्षा बराच उंच मित्र वर गेला आणि जॉर्डनला कनिष्ठ संघात ठेवलं. वर गेला असता तर बेंचवर बसला असता. खाली त्याला भरपूर खेळायला मिळालं आणि त्याने गुणांचा नुसता पाऊस पाडला. निवड करणाऱ्याला खलनायक ठरवल्याशिवाय आपल्याला गोष्ट रंगवताच येत नाही, त्याला कोण काय करणार!

जॉर्डनची पुढची गोष्ट तुझ्या जास्त कामाची आहे. १९८४ मध्ये तो एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या शिकागो बुल्स संघात आला. १९८६-८७ च्या मोसमात सामन्यामागे ३७.१ गुणांची सरासरी. विजेतेपद? शून्य. १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याचा सहायक टेक्स विंटर याची त्रिकोणी आक्रमणाची पद्धत त्याने संघाला लावली. म्हणजे चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरणार. जॉर्डनला हे सहजी पटलं नाही. लीगमध्ये सर्वाधिक गुण करणाऱ्या माणसाला कसं पटेल? १९९१ च्या अंतिम फेरीत, लेकर्स संघाविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, टाइमआउटला जॅक्सनने त्याला एकच प्रश्न विचारला: मोकळा कोण आहे? उत्तर होतं, त्याचा संघातला जोडीदार जॉन पॅक्सन. मग चेंडू पॅक्सनकडे जायला लागला, त्याने शेवटच्या काही मिनिटांत एकामागून एक बास्केट टाकले आणि बुल्सचं पहिलं विजेतेपद आलं. अशी सहा झाली. पोस्टरवर पॅक्सन नसतो, जॅक्सनही नसतो.

तुझी दुसरी तक्रार, सर कधी शाबासकी देत नाहीत. यावर तुला जॉन वूडनबद्दल सांगतो, जरा सविस्तर, कारण माझ्या मते त्याच्या तोडीचा शिक्षक खेळात झाला नाही. १९४८ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात बास्केटबॉलचा कोच म्हणून आला. मूळचा इंग्रजीचा मास्तर. सरावाची जागा म्हणजे कोंदट जुनी व्यायामशाळा, शेजारी कुस्तीवाले आणि जिम्नॅस्टिक्सवाले. सरावाआधी हा स्वतः फरशी पुसायचा. राष्ट्रीय विजेतेपद मिळालं थेट १९६४ मध्ये. पुढे १९७५ पर्यंत, १२ वर्षांत १० विजेतेपदं.

मोसमाच्या पहिल्या दिवशी तो मोजे घालायला शिकवायचा. होय, मोजे. देशभरातून वेचून आणलेली पोरं, कुणी सात फुटी, आणि हा सांगतोय: मोजा बोटांवर नीट ओढा, टाचेपाशी हात फिरवून पाहा, सुरकुती राहता कामा नये. मग बुटाची नाडी, खालच्या भोकापासून वरपर्यंत एकेक करत ताणून. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. यात तत्त्वज्ञान वगैरे काही नाही, पाय सांभाळायची गोष्ट आहे. तुझ्या टाचेला गेल्या पावसाळ्यात काय झालं होतं ते आठव.

१९७४-७५ च्या मोसमात दोन मानसशास्त्रज्ञ त्याच्या सरावाला वही घेऊन बसले आणि तो बोलतो काय, याची नोंद केली. दोन हजारांहून जास्त नोंदी झाल्या. त्यातलं सुमारे ७५ टक्के बोलणं निव्वळ माहिती होती: काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं. कौतुक ७ टक्क्यांच्या आसपास, ओरडाही जवळपास तेवढाच. चूक दिसली की तो आधी बरोबर करून दाखवायचा, मग खेळाडूने जे केलं ते, मग पुन्हा बरोबर. काही सेकंदांत काम संपलं, सराव पुढे चालू. तुझे सर ‘कोपर आत’ म्हणून ओरडतात ना? ती माहिती आहे. ती वहीत लिही. शाबासकी आई देईल.

शिस्तीचं म्हणशील तर एड टेंपलचं नाव ऐकून ठेव. टेनेसी स्टेट हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. तिथे तो मुलींना धावायला शिकवायचा, आणि तेही अशा काळात जेव्हा दक्षिणेतल्या रस्त्यांवर त्या मुलींना हॉटेलात बसून जेवता येत नसे. लहानपणी पोलिओ होऊन पायाला आधार लावावा लागलेली विल्मा रुडॉल्फ त्याला सापडली ती बास्केटबॉलच्या कोर्टवर. तो त्या सामन्याचा पंच होता. त्याचा नियम: सरावाला जितकी मिनिटं उशीर, तितक्या फेऱ्या. विल्मा एकदा अर्धा तास झोपून राहिली आणि तीस फेऱ्या धावली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं घेतली. रिलेतल्या चारही मुली टेंपलच्या. गावी, क्लार्क्सव्हिलला, सत्काराची मिरवणूक ठरली तेव्हा तिने अट घातली की गोरे-काळे एकत्र असतील तरच. ती अट मानली गेली. धाक सोसणारी मुलगी दबून जाते असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात, त्यांना हे सांग.

अर्थात ओरडणारा प्रत्येक माणूस वूडन किंवा टेंपल नसतो. अपमान करणारा, अंगचटीला जाणारा, दुखापत असताना खेळवणारा कोच असेल तर त्याच दिवशी घरी सांगायचं आणि तिथून निघायचं. तुझ्या सरांना मी ओळखतो, ते तसे नाहीत. फक्त बोलायला कंजूस आहेत.

पॅट समिटचंही लिहायचं होतं. २२ व्या वर्षी टेनेसी विद्यापीठाच्या मुलींची बास्केटबॉल कोच झाली, सुरुवातीला गणवेश स्वतः धुवायची, गाडीही स्वतः चालवायची. १०९८ विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. आणि विद्यापीठात खेळायची पूर्ण मुदत खेळलेल्या तिच्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. तेव्हा गणिताचा क्लास बुडवायला बास्केटबॉल हे कारण माझ्यापुढे चालणार नाही.

उद्या सरावाला जा. सरांना ‘मला का घेतलं नाही’ असं विचारू नकोस; ‘पुढच्या निवडीआधी माझं नेमकं काय सुधारायला हवं’ असं विचार, आणि ते सांगतील ते जसंच्या तसं लिहून मला पाठव. डाव्या हाताच्या ड्रिबलबद्दल बोलतील असा माझा अंदाज आहे.

तुझे,
सर