वळवाआधी छताचे पत्रे बघून घ्या
सोलापुरात पहिलाच उन्हाळा ना तुमचा? एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव येतो, आणि पावसाआधी वारा. आधी पत्रे बघा. वर दगड ठेवले असतील तर उतरवा. पत्रा उचकटला की तेच डोक्यात पडतात. गंजलेले हुक बदला, रबरी वॉशरसकट. यात कंजुषी नको. लाइट गेली की मोटार बंद, म्हणून आभाळ भरून येताच टाकी भरा. विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप मोबाइलवर असू द्या; विजा कडाडताना कडुलिंबाखाली थांबायचं नाही.

ऑक्टोबरलाही गाफील राहू नका. २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र इथवर येऊन धो-धो बरसलं. भीमाकाठी घर असेल तर उजनी धरणातून सोडलेल्या पाण्याच्या (विसर्गाच्या) बातम्या ऐका, रेशनकार्ड-सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.