पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर छोट्या व्यावसायिकाला सरकारी मदत काय मिळते? २०२० साली कुणाला काय मिळालं?

तुम्ही लिहिलंय की पार्लर चालवता, दोन मुली कामाला आहेत, डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नाही, आणि पुन्हा सगळं बंद झालं तर मदत कुठे मागायची ते कळत नाही. ताई, मी त्या कर्जापासूनच सुरुवात करतो. कारण ‘आपल्यावर कर्ज नाही’ असं छाती ठोकून सांगणाऱ्यांच्याच हाती तेव्हा सगळ्यात कमी लागलं.

माझा सांगलीत मंडप-डेकोरेशनचा धंदा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गोडाऊनमध्ये पाणी शिरलं. गाद्या, कनाती, झालरी, सगळं चिखलात. दिवाळीनंतर बँकेचं कर्ज काढून माल पुन्हा भरला, एक टेम्पो घेतला. हिशेब सरळ होता, उन्हाळ्यातली लग्नसराई निम्मं कर्ज फेडून टाकेल. २४ मार्च २०२० ला रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि एप्रिल-मेच्या तारखा एकेक करून गळाल्या. लोक इसार परत मागायला लागले. इसाराचे पैसे केव्हाच बांबू-ताडपत्रीत गेलेले.

पुराच्या वेळी विम्याचे पैसे उशिरा का होईना आले होते, म्हणून आधी एजंटला फोन लावला. त्याने विचारलं, मालाला काही झालंय का? आग, पाणी? नाही म्हटल्यावर म्हणाला, मग क्लेम कसला करणार? आमच्यासारख्यांच्या साध्या पॉलिसीत माल बुडाला तर पैसे मिळतात, गिऱ्हाईक बुडालं तर नाही. तुमच्या पार्लरचा विमा असेल तर एवढं डोक्यात ठेवा.

मग हप्त्यांची सवलत आली. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला सांगितलं की तीन महिने हप्ता भरला नाही तरी चालेल, पुढे ती मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना वाटलं हप्ते माफ झाले. माफ काही नव्हतं, पुढे ढकललं होतं आणि व्याजाचं मीटर चालूच होतं. माझ्या टेम्पोचे सहा लाख बाकी, व्याज १२ टक्के, म्हणजे सहा महिन्यांत ३६ हजार व्याज नुसतं बसून चढलं. त्या व्याजावरही व्याज लागत होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा ऑक्टोबरमध्ये केंद्राने जाहीर केलं की दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक सरकार भरेल. हप्ते वेळेवर भरलेल्यांनाही तो मिळणार होता. पेपरात मोठे मथळे आले. माझ्या टेम्पोच्या कर्जखात्यात जमा झाले ९१२ रुपये. चूक काही नव्हती, कॅल्क्युलेटर घेऊन बसा, तेवढेच निघतात.

तरी त्या सवलतीला मी नावं ठेवणार नाही. खातं थकीत दाखवलं गेलं नाही, सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीचा गुणांक) शाबूत राहिलं, आणि पुढचं दार त्यामुळेच उघडलं. फक्त ती सवलत बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांपुरती होती. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. भिशीवाल्याला आणि सावकाराला तर मोरॅटोरियम (हप्ते पुढे ढकलण्याची सवलत) हा शब्दही माहीत नव्हता.

पुढचं दार म्हणजे ज्याला सगळे ‘कोविड लोन’ म्हणायचे ते. मे २०२० मध्ये जे २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यातले ३ लाख कोटी या योजनेचे. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमचं जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के रक्कम बँकेने आणखी द्यायची. नवं तारण नाही, प्रोसेसिंग फी नाही, बँकेचं व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के. चार वर्षांची मुदत, पहिलं वर्ष नुसतं व्याज. बुडालं तर बँकेला शंभर टक्के हमी सरकारची. एक अट मात्र होती, त्या तारखेला खातं ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नको. माझी सीसीची (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे पैसे काढायचे-भरायचे कर्जखातं) बाकी नऊ लाख आणि टेम्पोचे सहा, म्हणजे पंधरा. त्याचे २० टक्के, तीन लाख. महिन्याला साधारण २,३०० रुपये व्याज. त्या तीन लाखांत इसार परत केले, गोडाऊनचं थकलेलं भाडं दिलं, चार जुन्या पोरांना दिवाळीपर्यंत निम्मा पगार दिला.

नियमानुसार बँकेने आपणहून विचारायचं होतं. मला कुणी विचारलं नाही. मी तीन खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेला परिपत्रकाची प्रिंट घेऊन गेलो, तेव्हा साहेबांनी खुर्ची दिली.

आता त्या २० टक्क्यांकडे नीट बघा. कशाच्या २० टक्के? आधीच्या कर्जाच्या. कर्ज शून्य असेल तर २० टक्के किती होतात?

माझा एक केटरर मित्र आहे, पन्नास माणसांपासून पाचशेपर्यंत जेवण घालतो. सगळा व्यवहार रोखीत, कर्ज नाही, इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही, नोंदणी नाही. ‘आपण कुणाचं देणं लागत नाही’ हे त्याचं ब्रीद. त्याला या योजनेतून काहीही मिळालं नाही. त्याच्यासाठी एकच मार्ग होता, बायकोचे दागिने. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सोनंतारणावर किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला बँकांना परवानगी दिली होती. सोनं तेव्हा तोळ्याला पन्नास हजारांच्या वर गेलेलं, त्यामुळे रक्कम भरघोस मिळाली. पुढच्या मार्चपर्यंत भाव चांगलाच उतरला आणि बँकेचा फोन आला, तारण कमी पडतंय, फरक भरा. तेव्हा वहिनी मला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. सल्ला माझा होता.

हातगाडीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी आली. तेव्हा पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, वेळेवर फेडलं की ७ टक्के व्याज परत आणि पुढचं २० हजारांचं. आमच्या कोपऱ्यावरच्या भेळवाल्याला महापालिकेचं शिफारसपत्र मिळाल्यावर ते मिळालं, आणि त्याच्या कामालाही आलं. ही योजना अजून चालू आहे, पण ती रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी आहे, गाळ्यातल्या पार्लरला ती लागू नाही. पीएफचा मालकाचा आणि कामगाराचा मिळून २४ टक्के वाटा काही महिने सरकारने भरला, तोही पीएफ असलेल्या लहान आस्थापनांचा. माझी पोरं रोजावरची, त्यामुळे तो विषयच नव्हता.

सरळ हातात पैसे म्हणाल तर ते क्वचितच दिसले. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ या निर्बंधांच्या वेळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत फेरीवाले, नोंदणीकृत बांधकाम कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. यादीत ना मंडपवाले, ना पार्लरवाले. पुढच्याच आठवड्यात लग्नाला २५ माणसं, दोन तासांत उरकायचं, मोडलं तर ५० हजार दंड असा आदेश आला. पंचवीस माणसांना मंडप कशाला लागतो?

माझा आतेभाऊ अमेरिकेत छोटं दुकान चालवतो. तिकडे नोकरांच्या पगारासाठी कर्ज दिलं, आणि ते बहुतांश पगारावरच खर्च केल्याचं दाखवलं की पुढे माफही केलं. आपल्याकडे मदत म्हणजे मुख्यतः कर्ज, तेही आधीच ओळख असलेल्याला. पुढची साथ आली तर योजनेचं नाव वेगळं असेल, पण पैसे सोडायचा नळ सरकारकडे हाच आहे, बँक खातं. म्हणून तुम्ही आज काय करू शकता ते सांगतो.

उद्यम नोंदणी करा, म्हणजे छोट्या व्यवसायाची केंद्र सरकारकडची नोंदणी. पार्लर हा सेवा व्यवसाय आहे, बसतो त्यात. आधार आणि पॅन लागतं आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्ण फुकट होते. दोन-तीन हजार मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट भरपूर आहेत, तिकडे जाऊ नका. दुकानाच्या नोंदणीचं म्हणाल तर तुमच्यासारखे दोनच कामगार असले की महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मुलींचा पगार खात्यावर द्या. उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरा. आणि मग, गरज नसताना, बँकेकडून छोटी सीसी किंवा मुद्रा (छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी योजना) कर्ज घ्या, पतसंस्थेकडून नको. मुद्राला तारण लागत नाही, पहिला गट पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाचा असतो. खुर्ची घ्या, स्टीमर घ्या, वर्षभर वेळेवर फेडा.

त्या जुन्या ‘कोविड लोन’च्या नावाने आज कुणी फोन केला तर ठेवून द्या. ती योजना मार्च २०२३ मध्येच संपली. माझा शेवटचा हप्ता जुलै २०२४ मध्ये गेला.

केटरर मित्राने दागिने सोडवले, मग माझ्यामागे लागून उद्यम काढलं आणि तीन लाखांची सीसी करून घेतली. खातं हलतं ठेवायला त्यातून थोडे काढतो, भरतो. महिनाअखेरीला चार-पाचशे रुपये व्याज पडलं की न चुकता मला फोन करून शिव्या घालतो. मी ऐकून घेतो, सोन्याचं अजून बाकी आहे माझ्याकडे.