सिरीजमधल्या प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज मोजताना

१२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या असतील तर त्यांच्या वायरी थेट आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनांना देऊ नका. ५ व्होल्टच्या वर गेलात की पिन गेलीच. चारही बॅटऱ्यांच्या प्लस टोकांवर १२० किलोओहम आणि १० किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारी दोन रेझिस्टरांची जोडी) लावा, म्हणजे चार्जिंगचे ५७.६ व्होल्ट ४.४३ होतात.

खरी गोची वजाबाकीत आहे. प्रत्येक रीडिंग सगळ्यात खालच्या मायनसपासूनचं असतं, म्हणून सगळ्यात वरच्या बॅटरीचं व्होल्टेज म्हणजे चौथं रीडिंग वजा तिसरं. १ टक्का टॉलरन्सच्या (छापील किमतीपेक्षा तेवढा फरक असू शकणाऱ्या) रेझिस्टरांनीही ५० व्होल्टला अर्ध्या व्होल्टची चूक सहज होते आणि चांगली बॅटरी मेल्यासारखी दिसते. म्हणून प्रत्येक डिव्हायडरचा गुणक (तो व्होल्टेज नेमकं किती पट कमी करतो ते) मल्टिमीटरने मोजूनच कोडमध्ये टाका.

फ्यूज मात्र टर्मिनलपाशीच, प्रत्येक वायरला वेगळा. डिव्हायडर कायम जोडून ठेवलेत तर चारही डिव्हायडरांचा करंट सगळ्यात खालच्या बॅटरीतून जातो, आणि महिनोन्महिने पडून राहिलेल्या पॅकमध्ये तीच आधी उतरते.